‘लॅगमुळे हरले’ ही सबब असते का?

प्रश्न : माझी १७ वर्षांची मुलगी मैत्रिणींच्या संघातून पाच विरुद्ध पाच असा नेमबाजीचा ऑनलाइन खेळ खेळते. दुपारी तिचा खेळ सुरळीत चालतो, पण रात्री नऊच्या सुमारास, नेमका संघाचा सामना असतो तेव्हा, सगळे अडखळू लागते (यालाच ती ‘लॅग’ म्हणते) आणि ‘लॅगमुळे हरले’ असे म्हणून ती हेडफोन काढून ठेवते. तिचा मोठा भाऊ घरून व्हिडिओ संकलनाचे काम करतो आणि दिवसभराचे तयार काम रात्रीच कार्यालयाकडे पाठवतो. आमच्याकडे टेलिफोनच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड आहे. डाउनलोड १६ एमबीपीएस आणि अपलोड १ एमबीपीएस. वेग मोजून पाहिला तर तो ठरल्याप्रमाणेच मिळतो. मुलगी म्हणते, फायबर घ्या आणि तेही १ जीबीपीएसचे. मला मात्र वाटते, ही हरल्याची सबब तर नाही ना? केवळ खेळासाठी फायबर घेणे योग्य ठरेल का?
– एक आई

उत्तर : सप्रेम नमस्कार.

आपल्या मनातली शंका आधी दूर करते. दुपारी सुरळीत चालणारा खेळ रात्री नऊला अडखळणे आणि तरीही वेग मोजला की तो पुरेपूर भरणे, हे सबब सांगणाऱ्या मुलीचे लक्षण नसून तुंबलेल्या अपलोडचे लक्षण आहे. आपली मुलगी खरे बोलते आहे. फायबर घेतल्याने तिची अडचण बहुतांशी सुटेल असे मला खात्रीने वाटते. १ जीबीपीएसची मात्र गरज नाही, आणि घरातल्या घरात काही गोष्टी नीट केल्या नाहीत तर फायबर येऊनही तिचा खेळ अधूनमधून अडखळत राहू शकतो. असे का, ते थोडे सविस्तर सांगावे लागेल.

वेगाचा आकडा आणि खेळाचा अनुभव यांचे नाते आपण समजतो तेवढे जवळचे नसते. खेळ चालू असताना तिचा संगणक सर्व्हरकडे, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकाकडे, चित्रे पाठवत नाही. ‘मी इथे आहे, या दिशेला पाहते आहे, आता गोळी झाडली’ एवढीच माहिती तो छोट्या छोट्या पॅकेटांमधून, म्हणजे तुकड्यांमधून, सेकंदाला कित्येक वेळा पाठवतो आणि उरलेल्या नऊ खेळाडूंची तशीच माहिती सर्व्हरकडून घेतो. सर्व्हर सेकंदाला किती वेळा खेळाची स्थिती नव्याने मांडतो, त्या संख्येला टिक रेट म्हणतात. काउंटर स्ट्राइकच्या अधिकृत सामन्यांत तो ६४ राहिला आहे आणि व्हॅलोरंटमध्ये १२८, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांना एक नवी स्थिती. एवढी देवाणघेवाण करूनही या सगळ्याला साधारणपणे १ एमबीपीएससुद्धा लागत नाही. म्हणजे नुसत्या क्षमतेचा हिशेब केला तर आपली आजची जोडणी तिला पुरून उरायला हवी.

तरीही ती पुरत नाही, कारण खेळाला माहिती नुसती पोहोचून चालत नाही, ती वेळेवर पोहोचावी लागते. चित्रपट पाहताना पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात, त्यामुळे जोडणी मध्येच दोन सेकंद अडखळली तरी पडद्यावर काही जाणवत नाही. खेळात पुढचे काही साठवून ठेवता येत नाही, कारण पुढे काय होणार ते अजून घडलेलेच नसते. म्हणूनच असे खेळ बहुधा यूडीपी ही पद्धत वापरतात; वाटेत हरवलेले पॅकेट पुन्हा मागवण्यात त्यांना अर्थ नसतो, कारण ते येईपर्यंत प्रतिस्पर्धी दुसरीकडे पोहोचलेला असतो.

इथे तीन शब्द आपल्या कामाचे आहेत आणि मुलीच्या तोंडून ते आपण ऐकलेही असतील. पॅकेट सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो मिलिसेकंदांत मोजतात. हा वेळ दर खेपेला किती कमीजास्त होतो, ते म्हणजे जिटर. आणि जी पॅकेटे पोहोचतच नाहीत, तो पॅकेट लॉस. अनुभवी खेळाडूला कायम ६० मिलिसेकंद असलेला पिंग सहज अंगवळणी पडतो, कारण हाताला त्याची सवय होते. जो पिंग या क्षणी ३० आणि पुढच्या क्षणी १५० असतो, त्याची सवय कोणालाच होऊ शकत नाही. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात; त्यात जोडणीने अचानक आणखी तेवढाच वेळ घातला, तर चपळ मुलगीही पडद्यावर मंद दिसते.

हे पडद्यावर कसे दिसते, तेही सांगते. ती पात्राला पुढे धावायला लावते, पात्र सात-आठ पावले पुढे जाते आणि एकाएकी मागे, होते तिथे, खेचले जाते. तिच्या संगणकाने सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता पात्र पुढे नेलेले असते. सर्व्हरपर्यंत मात्र ती पावले वेळेवर पोहोचलेली नसतात आणि सर्व्हरचा शब्द अखेरचा असल्यामुळे पात्राला माघारी यावे लागते. दुसरा प्रकार याहून जिव्हारी लागणारा आहे. ती भिंतीच्या आड पोहोचते, सुटकेचा श्वास टाकते आणि नंतर तिला गोळी लागते. प्रतिस्पर्ध्याने गोळी झाडली तेव्हा त्याच्या पडद्यावर ती अजून उघड्यावरच होती आणि सर्व्हरने काळ थोडा मागे नेऊन त्याचा नेम खरा ठरवला. बहुतेक नेमबाजीच्या खेळांत ही सोय न्यायासाठीच केलेली असते, पण दोघांपैकी एकाची जोडणी डळमळीत असली की तीच अन्यायाची वाटू लागते. आपल्या मुलीने ‘मी तर भिंतीमागे होते’ असे कधी चिडून म्हटले असेल, तर तिच्या पडद्यावर ती खरोखरच भिंतीमागे होती.

आता रात्री नऊला नेमके काय होते ते पाहू. आपला मुलगा व्हिडिओ पाठवायला लागतो, तेव्हा त्याचा संगणक जोडणीतून जाईल तेवढे सगळे बाहेर ढकलत राहतो. ती फाइल सुमारे १,५०० बाइटांच्या पॅकेटांत कापली जाते. १ एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला दहा लाख बिटांच्या, अपलोडवर असे एक पॅकेट (एका बाइटाचे आठ बिट) बाहेर पडायला १२ मिलिसेकंद लागतात. समजा, मोडेमच्या तोंडाशी अशी ४० पॅकेटे रांगेत उभी आहेत. तर त्यांच्यामागे येऊन उभ्या राहिलेल्या, आपल्या मुलीच्या इवल्याशा पॅकेटाला जवळजवळ अर्धा सेकंद, म्हणजे ४८० मिलिसेकंद, थांबावे लागते. रांग भरून ओसंडली की काही पॅकेटे टाकूनच दिली जातात. या दोषाला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस या संगणक अभियंत्याने २०१० च्या सुमारास स्वतःच्या घरून मोठ्या फाइली पाठवताना जोडणी का गुदमरते याचा माग काढला आणि या दोषाला हे नाव दिले. उपकरणांमध्ये साठवणीची जागा गरजेपेक्षा जास्त ठेवल्यामुळे रांगा लांबत जातात, हे त्यातून सर्वांसमोर आले.

माझ्या शब्दावर विसंबून राहू नका. आज रात्रीच हे स्वतः पाहता येईल. संगणकाच्या कमांड विंडोत पिंगची आज्ञा सतत चालू ठेवा आणि मुलाला फाइल पाठवायला सांगा. आधी ३८, ४१, ३९, ४० अशा शांतपणे उतरणाऱ्या ओळी दिसतील. त्याने पाठवण्याचे बटण दाबल्यावर दोन-चार सेकंदांत तेच आकडे ९६, २१२, ३८८, ४७१ असे चढू लागतील आणि मध्येच उत्तर न आल्याची एखादी कोरी ओळ येईल. त्याने पाठवणे थांबवले की आकडे पुन्हा चाळिशीत उतरतील. आपले आकडे याहून थोडे वेगळे असतील, पण चढउतार असाच असेल. वेग मोजताना हे का दिसत नाही, तेही यातून लक्षात येते. ती चाचणी आपण दुपारी, घरात दुसरे कोणी काही पाठवत नसताना घेतली असावी.

फायबर इथे दोन बाजूंनी उपयोगी पडते. पहिली बाजू सरळ क्षमतेची आहे. घरोघरी पोहोचणाऱ्या फायबरमध्ये पुष्कळ ठिकाणी जी-पॉन हे तंत्र वापरले जाते. त्यात एका तंतूवर खाली येणाऱ्या माहितीसाठी २.४८८ जीबीपीएस आणि वर जाणाऱ्या माहितीसाठी १.२४४ जीबीपीएस इतकी वाट असते व ती साधारण ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. त्यामुळे १०० एमबीपीएसचे अपलोड ही तिथे मोठी मागणी नसते. त्या अपलोडवर १,५०० बाइटांचे पॅकेट ०.१२ मिलिसेकंदात बाहेर पडते, म्हणजे तीच ४० पॅकेटांची रांग पाच मिलिसेकंदांच्या आत संपते. शिवाय मुलाची २ जीबीची फाइल, जी आज साडेचार तासांच्या आसपास वेळ खाते, ती १०० एमबीपीएसवर २ मिनिटे ४० सेकंदांत जाऊ शकते. बहीण आणि भाऊ यांच्यात एका तारेवरून चाललेली ही ओढाताणच त्यामुळे संपते, आणि म्हणूनच ‘केवळ खेळासाठी’ हे आपले शब्द मला थोडे अपुरे वाटतात. या घरात फायबरचा फायदा त्याच्या कामाला तिच्या खेळाइतकाच होणार आहे.

दुसरी बाजू स्थिरतेची आहे, आणि खेळाच्या दृष्टीने मी तिला अधिक महत्त्व देते. तांब्याच्या तारेतून विजेचे संकेत जातात. जवळची विद्युत उपकरणे, शेजारून जाणाऱ्या इतर तारा आणि ओलावा धरलेले जुने सांधे या साऱ्यांचा त्यांच्यावर परिणाम होतो, आणि तार जितकी लांब तितका संकेत क्षीण होत जातो. या गोंगाटात चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरच्या, जोडणीत पुष्कळदा इंटरलीव्हिंग नावाची युक्ती वापरतात. त्यात माहिती विखरून पाठवली जाते आणि पलीकडे पुन्हा जुळवली जाते. ती चुका कमी करते, पण त्या जुळवाजुळवीसाठी पिंगमध्ये काही मिलिसेकंदांची कायमची भर घालते.

काचेच्या तंतूला ही दुखणी नाहीत. त्यातून प्रकाश जातो, आणि शेजारच्या विजेच्या तारेचा त्याच्यावर परिणाम होत नाही. ज्या गाभ्यातून प्रकाश धावतो, तो सुमारे ९ मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतो. सर्वांत अनुकूल तरंगलांबीवर हा प्रकाश १५ किलोमीटर गेल्यावरही निम्म्याच्या आसपास शिल्लक राहतो. १९६६ मध्ये चार्ल्स काव आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी अशुद्धी काढून टाकल्यास काच दूरसंचारासाठी वापरता येईल असे मांडले, तेव्हाच्या काचेत प्रकाश थोड्याच अंतरात विरून जात असे; काव यांना त्या कार्यासाठी २००९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. रात्रीच्या सामन्यात आपल्या मुलीचा पिंग जागेवरून हलणार नाही, यामागे त्या काचेची शुद्धता आहे, ही गोष्ट मला दर वेळी विलक्षण वाटते.

अनेक घरे एकच तंतू वाटून घेतात, तर तिथेही गर्दी होणार नाही का, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. वर माहिती पाठवताना प्रत्येक घराच्या उपकरणाला ठरावीक वेळेचे तुकडे नेमून दिलेले असतात, म्हणजे कोणाचा प्रकाश कोणावर आदळत नाही. या पाळीची वाट पाहण्यात जाणारा वेळ सहसा एक-दोन मिलिसेकंदांच्या घरातला असतो. सेवा देणाऱ्या कंपनीने पुढची वाटच अपुरी ठेवली असेल तर संध्याकाळी गर्दी जाणवू शकते; पण तो दोष त्या कंपनीच्या नियोजनाचा असतो. म्हणून नोंदणी करण्याआधी त्याच इमारतीतल्या किंवा त्याच रस्त्यावरच्या ग्राहकाला रात्री नऊला पिंग कसा असतो हे विचारावे, यापेक्षा चांगली चौकशी मला माहीत नाही.

फायबर काय करू शकत नाही, तेही मुलीला आधीच सांगा, म्हणजे नंतर तिची निराशा होणार नाही. काचेतही प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर इतक्याच वेगाने धावतो. १,००० किलोमीटर दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला निव्वळ प्रवासाचेच १० मिलिसेकंद लागतात, ६,००० किलोमीटरला ६०, आणि प्रत्यक्ष केबल सरळ रेषेत टाकलेली नसल्याने त्याहून जास्तच. हे अंतर कोणतीही योजना कमी करत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा प्रदेश निवडता येत असेल तर सर्वांत जवळचा निवडलेला आहे ना, हे तिने पाहावे. दूरच्या मैत्रिणींसोबत खेळण्यासाठी कधीतरी बदललेला प्रदेश तसाच राहून गेलेला असतो.

आता योजनेबद्दल. १०० ते २०० एमबीपीएसची योजना आपल्या घराला पुरेशी आहे, आणि निवडताना डाउनलोडच्या मोठ्या आकड्याआधी अपलोडचा आकडा विचारा. काही योजनांत दोन्ही सारखे असतात, काहींत अपलोड मुद्दाम आखडून ठेवलेले असते. आपल्या घरासाठी सारखे असणारीच घ्यावी. १ जीबीपीएस घेतल्याने सामन्यातला पिंग कमी होत नाही. फरक पडतो तो खेळ उतरवून घेताना. हल्ली १०० जीबीचा खेळ ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तो १६ एमबीपीएसवर उतरायला १४ तासांच्या जवळपास लागतात, १०० वर सव्वादोन तासांच्या आत आणि ३०० वर पाऊण तास. सव्वादोन तास मला अवाजवी वाटत नाहीत. ज्यांच्या घरी तीन-चार कन्सोल आहेत, त्यांचा हिशेब वेगळा असू शकतो. क्लाउड गेमिंगमध्ये मात्र चित्रच दूरच्या संगणकावर तयार होऊन प्रवाहाने येते. त्यासाठी फुल एचडीला साधारण २५ एमबीपीएस सतत मिळावे लागतात, आणि तेही १०० मध्ये आरामात बसतात.

नोंदणी करताना आणखी दोन प्रश्न नक्की विचारा. काच थेट घरात येते की इमारतीच्या किंवा रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत येऊन पुढे तांब्याची तार लागते? जाहिरातीत दोन्हींना फायबर म्हणता येते, पण वर सांगितलेले सगळे फायदे काच घरात येते तेव्हाच पदरात पडतात. दुसरा प्रश्न सार्वजनिक पत्त्याचा. पुष्कळ कंपन्या एकच सार्वजनिक आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर जोडणी ओळखण्याचा क्रमांक, अनेक ग्राहकांत वाटतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. मोठ्या सर्व्हरवर चालणाऱ्या खेळांना त्याने सहसा बाधा येत नाही, पण जिथे खेळाडूंची यंत्रे एकमेकांशी थेट जोडली जातात, तिथे मैत्रिणींचा आवाज न येणे, गटात सामील होता न येणे अशा तक्रारी उद्भवतात आणि कन्सोलवर नॅट प्रकार ‘स्ट्रिक्ट’ किंवा ‘टाइप ३’ असा दिसतो. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत मिळते का आणि गरज पडल्यास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देता का, हे आधीच विचारून ठेवले म्हणजे पुढची धावपळ वाचते.

यानंतरचा भाग मी मनापासून आणि थोडा आग्रहाने लिहिते, कारण फायबर घेऊनही ‘काही फरक पडला नाही’ अशी जी पत्रे माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांचे मूळ इथे सापडते. काच राउटरपर्यंत येते आणि तिथून पुढे, खोलीच्या दारातून, भिंतीतून, कपाटावरून, मुलीच्या टेबलापर्यंत वायफाय जाते. वायफायमध्ये एका वेळी एकाच उपकरणाला बोलता येते. बाकीच्यांना थांबावे लागते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे १, ६ आणि ११ असे तीनच चॅनेल साधारणपणे हाताशी असतात, शेजारपाजारचे सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन व ब्लूटूथही तोच पट्टा वापरतात. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा असतो, पण भिंती त्याला लवकर अडवतात. त्यामुळे बाहेरची जोडणी चोख असूनही आतल्या दहा-पंधरा फुटांत पिंग नाचू लागतो.

यावरचा उपाय जुना आणि भरवशाचा आहे. राउटरपासून तिच्या संगणकापर्यंत इथरनेटची केबल टाका. कॅट ५ई किंवा कॅट ६ यांपैकी कोणतीही चालेल. १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएस वाहून नेते, आणि घरातले अंतर त्याच्या कितीतरी आत असते. भिंतीच्या कडेने पट्टीतून नेली तर ती दिसतही नाही. केबल अगदीच अशक्य असेल तर राउटर तिच्या खोलीच्या जवळ, उंचावर आणि उघड्यावर ठेवा, आणि तिचे यंत्र ५ गिगाहर्ट्झवरच राहील असे पाहा. दोष आत आहे की बाहेर, हे ओळखण्यासाठी आधी राउटरच्याच पत्त्यावर पिंग करावा. तिथेच आकडे १ वरून ८० वर उड्या मारत असतील तर कंपनीकडे तक्रार करण्यात अर्थ नाही. तिथे एकसारखे १ येत असतील आणि सर्व्हरकडे मात्र उड्या असतील, तर तक्रार बाहेरच करायची.

काच बसवताना समोर उभे राहा, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या घरी फायबर आले तेव्हा तंत्रज्ञाने तंतू अभ्यासिकेच्या चौकटीच्या कडेने नेला आणि खिळ्यांनी घट्ट बसवला. पंधरवडाभर जोडणी दिवसातून दोन-तीनदा तुटत होती. तपासायला आलेल्या प्रत्येकाला मात्र ती व्यवस्थितच दिसे. शेवटी माझ्या भाच्याच्या लक्षात आले की, मी कामासाठी दार लावून घेतले की तंतू जिला जोडलेला होता त्या बाहेरच्या छोट्या पेटीवरचा लाल दिवा लुकलुकू लागतो. दाराची कड तंतूला चौकटीवर दाबत होती, आणि काचेचा तंतू फार वाकवला की आतला प्रकाश बाजूने निसटून जातो. खिळे काढून तंतू मोठे वळण देऊन नेला आणि त्यानंतर तो दिवा पुन्हा लागला नाही. म्हणून कोपऱ्यात काटकोन नको, तो गोलसर वळवा. जोडाचे टोक बोटाने पुसू नका, कारण धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो. आणि काम झाल्यावर पेटीवर मिळणाऱ्या प्रकाशाची पातळी विचारून घ्या. जी-पॉनमध्ये ती साधारण ऋण ८ ते ऋण २७ डीबीएम यांच्या दरम्यान असावी लागते. ऋण २६ वर काम चालते खरे, पण थोड्याशा बिघाडानेही ते बंद पडेल, तेव्हा तंत्रज्ञ घरात असतानाच ती सुधारून घ्यावी. वीज गेली की ही पेटी आणि राउटर दोन्ही बंद पडतात, त्यामुळे त्यांना छोटा यूपीएस जोडून ठेवणे बरे.

मोबाइल डेटावर खेळता येईल का, असे काही जण विचारतात. सिग्नल चांगला असेल तर सरासरी पिंग वाईट नसतो, पण जिटर टॉवरवरच्या गर्दीप्रमाणे बदलत राहतो. अडीनडीला ठीक, सामन्यांसाठी नाही. फायबर येईपर्यंत आजच करता येण्यासारखा उपाय वेगळा आहे. मुलाच्या फाइल पाठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये अपलोडला मर्यादा घालण्याची सोय बहुधा असते. ती ७०० केबीपीएसवर ठेवा, म्हणजे रांग लागणार नाही आणि तिच्या पॅकेटांना वाट मिळेल. त्याच्या फाइलला वेळ जास्त लागेल, तेव्हा सामन्याच्या रात्री ती झोपण्यापूर्वी लावून दिली तर दोघांचेही भागेल. राउटरमध्ये एफक्यू-कोडेल किंवा केक नावाची रांग सांभाळणारी सोय असेल तर तीही सुरू करा. वाटेची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवली की ती उत्तम काम करते, आणि फायबर आल्यावरही उपयोगाची आहे, कारण वेगवान जोडणीही काही क्षण भरून जाऊ शकते.

आपल्या पत्रातली एक गोष्ट मला विशेष लागली, ती ‘हेडफोन काढून ठेवते’ ही. डळमळीत जोडणीवर खेळणाऱ्या मुलीचे खरे नुकसान केवळ सामना हरण्याने होत नाही. नेम चुकला तो हात हलल्यामुळे की पॅकेट उशिरा पोहोचल्यामुळे, हे तिला कळू शकत नाही, आणि आपली चूक कोणती हे न कळणाऱ्याला ती सुधारताही येत नाही. संघातल्या मैत्रिणींकडे जाणारा तिचा आवाजही त्याच तुंबलेल्या वाटेने जातो. ‘डावीकडून येतोय’ हे तिचे शब्द उशिरा पोहोचले तर त्या सांगण्याचा उपयोगच राहत नाही. स्थिर जोडणीवरही ती हरेल, पण तेव्हा सामन्याची रेकॉर्डिंग पाहताना कुठे घाई झाली, कुठे कोपरा मोकळा राहिला, हे ती बोट ठेवून सांगू शकेल. ती या खेळाकडे गांभीर्याने पाहते आहे असे आपल्या पत्रावरून दिसते, आणि म्हणून मी हा खर्च योग्य समजते.

नवी जोडणी आली तरी जुनी लगेच बंद करू नका. आठवडाभर दोन्ही राहू द्या. त्या आठवड्यात रोज रात्री नऊला, मुलगा फाइल पाठवत असताना, एकदा राउटरचा आणि एकदा खेळाच्या सर्व्हरचा पिंग पाच-पाच मिनिटे पाहून सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि हरवलेली पॅकेटे असे तीन आकडे वहीत लिहून ठेवायचे काम मुलीकडेच सोपवा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त यांतले अंतर १०-१५ मिलिसेकंदांच्या आत राहिले आणि हरवलेल्या पॅकेटांच्या रकान्यात शून्य आले, तर जुनी तार निर्धास्तपणे काढून टाका. तसे झाले नाही, तर ती वहीच तंत्रज्ञासमोर ठेवा, आणि त्यातले आकडे मलाही जरूर कळवा.